शेवटच्या मुलामागे चालणाऱ्या ताई

(मंडळाच्या वर्धापनदिनी, उन्हाळी शिबिराच्या संचालिका ताई निवृत्त होत असल्यानिमित्त झालेल्या सत्कारप्रसंगीचे भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'दोन शब्द' असे छापले आहे. दोन शब्द म्हणून उभे राहायचे आणि अर्धा तास बोलायचे, ही आपल्या मंडळाची जुनी रीत आहे. ती मी मोडणार नाही असे वचन देत नाही. पण घड्याळ समोर ठेवले आहे, कारण वेळ झाली की शिट्टी वाजवणाऱ्या बाई आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.

ताईंचे नाव, शिक्षण, शाळेतली नोकरी हे सारे मानपत्रात आले आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. शिबिराला येणारी मुले त्यांना नुसते 'ताई' म्हणतात, मीही तेच म्हणते. बत्तीस वर्षांत ताईंनी तीस शिबिरे घेतली. मधली २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे महामारीमुळे गेली. त्या दोन्ही मे महिन्यांत ताई काय करीत होत्या, ते पुढे सांगते.

आपल्यातल्या नव्या सभासदांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आपले शिबिर मे महिन्यात आठ दिवस भरते. सिंहगडाच्या पायथ्याच्या एका गावात शाळा आहे. सुट्टीत तिचे वर्ग रिकामे असतात, ते गावकरी आपल्याला देतात. दहा ते पंधरा वर्षांची मुलेमुली तिथे राहतात. पहाटे उठायचे, अंथरूण घडी करायचे, आवार झाडायचे, ओढ्यावरच्या दगडी बांधाला हात लावायचा, दुपारी गोष्टी आणि हस्तव्यवसाय, संध्याकाळी खो-खो, रात्री आकाशातले तारे ओळखायचे. एके दिवशी गड चढायचा. यात नवल वाटावे असे काही नाही, आणि ताईंनीही कधी तसे म्हटले नाही.

ही कल्पना जुनी आहे. १९०७ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी नावाच्या बेटावर बेडन पॉवेल यांनी वीसेक मुलांचे शिबिर घेतले. त्यांतली काही मुले मोठ्या खर्चाच्या शाळांतली होती आणि काही कष्टकऱ्यांच्या घरची. त्यांनी मुलांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गटाला मुलांतूनच एक नायक दिला. त्या एका शिबिरातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. तिच्याच जोडीच्या गाइड चळवळीचे जागतिक केंद्र 'संगम' १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून मुलामुलींना एकत्र आणले. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमटे यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीही ऐन मे महिन्याच्या उन्हात. या सगळ्यांची मते आणि मार्ग वेगवेगळे. पण दोन गोष्टी सगळीकडे सारख्या दिसतात. वेगवेगळ्या घरांतली मुले एका ठिकाणी राहतात, आणि आपले काम आपण करतात. ताई शाळेत असताना गाइड होत्या. त्यांनी हेच दोन धागे उचलले आणि आपल्या पेठेतल्या मुलांसाठी शिबिर सुरू केले.

आता ताईंविषयी. ताईंनी किती मुले घडवली, असे सत्काराच्या भाषणात म्हणायची पद्धत आहे. मी तसे म्हणत नाही. मुले घरात घडतात, शाळेत घडतात, आणि पुष्कळशी आपली आपण घडतात. आठ दिवसांत कोणी कोणाला घडवीत नाही. ताईंनी काय केले, ते मला त्यांच्या कामाच्या बारीक गोष्टींतूनच सांगता येईल. त्या गोष्टी छायाचित्रांत आलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट पाण्याची. मे महिन्याचे ऊन आणि पळणारी मुले. मूल तहान लागली म्हणून सांगत नाही, खेळता खेळता एकदम पिवळे पडते. ताईंनी दर तासाला पाण्याची घंटा लावली. घंटा झाली की तहान असो नसो, पेलाभर पाणी सर्वांनी प्यायचे. दुपारी बारा ते चार कोणी उन्हात जायचे नाही. कैरीचे पन्हे आणि कोकम सरबत रोज. कोणाला जुलाब लागले तर पहिले औषध स्वयंपाकघरात असते, हे त्यांनी प्रत्येक गटनायकाकडून पाठ करून घेतले होते: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचे चहाचे. आजही आपल्या मंडळात कोणाच्या नातवाला जुलाब झाले की हेच प्रमाण आठवते. ते ताईंच्या शिबिरातून घरोघर गेले आहे.

दुसरी गोष्ट खडकवासल्याच्या पाण्याची. गडावरून ते पाणी निळेशार दिसते आणि दरवर्षी मुले हट्ट धरतात, "ताई, एकदा डुंबायला न्या ना!" ताईंनी तीस शिबिरांत एकदाही नेले नाही. मोठे पालकसुद्धा म्हणाले, की काठाकाठाने काय होते? ताई म्हणायच्या, "धरणाला काठ नसतो, गाळ असतो." दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत सहलीला गेलेल्या मुलांच्या ज्या बातम्या येतात, त्या वाचल्या म्हणजे हा नकार किती मोलाचा होता ते कळते. मुलांना हो म्हणणारे पुष्कळ असतात. नाही म्हणून त्यांचे रुसवे आठ दिवस सोसणारे थोडे.

तिसरी गोष्ट रात्रीची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी जाती आपल्या डोंगराकडेला असतात. त्यांतला मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. म्हणून ताई मच्छरदाणीचा आग्रह धरीत, आणि तिची कड अंथरुणाखाली नीट खोचली आहे की नाही हे रात्री दहा वाजता आणि पुन्हा दोन वाजता कंदील घेऊन स्वतः पाहत. साप चावला तर कापायचे नाही, आवळून बांधायचे नाही, मांत्रिक शोधायचा नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता सरळ रुग्णालयात जायचे, हे पहिल्याच दिवशी सांगितले जाई. विंचवासाठीही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरात आले आणि लाल विंचवाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. ते औषध कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळेल, तिथे रात्री डॉक्टर असतात की नाही, हे ताई शिबिराच्या आधी महिनाभर जाऊन पाहून येत. सुदैवाने तीस शिबिरांत त्याची गरज पडली नाही. ताई स्वतः मात्र सुदैव हा शब्द वापरीत नाहीत.

चौथी गोष्ट रडणाऱ्या मुलांची. पहिली रात्र नवलाईत जाते. खरी रात्र दुसरी. आई आठवते, घरचे ताट आठवते, आणि एक रडू लागले की चार रडू लागतात. मी पहिल्यांदा स्वयंसेविका म्हणून गेले तेव्हा एका मुलाला मांडीवर घेऊन "उद्या आई येईल हं" म्हणून गप्प केले. ताईंनी मला बाजूला बोलावले. म्हणाल्या, "उद्या त्याची आई येणार आहे का? नाही ना? मग असे सांगू नये." आणि त्या मुलाजवळ जाऊन म्हणाल्या, "आई रविवारी येणार. मधे पाच दिवस आहेत. उद्या पहाटेची घंटा वाजवायला मला माणूस हवा आहे. तू उठशील?" तो मुलगा साडेपाचला घंटेपाशी उभा होता. त्याला रडू आले नाही असे नाही, घंटा वाजवतानाही तो मुसमुसत होता. पण घंटा त्याने वेळेवर वाजवली.

पाचवी गोष्ट पंगतीची. ती सांगताना मला थोडे अवघड वाटते, कारण आपल्या मंडळाचाच इतिहास त्यात आहे. सुरुवातीची दोन वर्षे आपल्या सभासदांचीच मुले शिबिरात होती. तिसऱ्या वर्षी ताईंनी प्रस्ताव आणला, की आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुलेही आली पाहिजेत. सभेत बरीच चर्चा झाली. कोणी खर्चाचे कारण सांगितले, कोणी आजारपणाचे. खरे कारण कोणीच उघड बोलले नाही. त्या दिवशी प्रस्तावाविरुद्ध वर झालेल्या हातांत माझाही हात होता. तो प्रस्ताव दोनच मतांनी मंजूर झाला.

साने गुरुजींनी १९४७ सालच्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर दलितांसाठी उघडावे म्हणून उपोषण केले, हे आपण मुलांना शिकवतो. त्याच मे महिन्याच्या उन्हात आपल्या घरातल्या कामवाल्या बाईची मुलगी आपल्या मुलीशेजारी जेवायला बसणार म्हटल्यावर आपले हात वर झाले. ताईंनी यावर एकही व्याख्यान दिले नाही. त्यांनी फक्त व्यवस्था केली. गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. वाढप रोज एका गटाने करायचे. आपले ताट ज्याचे त्याने घासायचे. आणि शुल्काची बंद पाकिटे. प्रत्येक पालकाने आपल्याला झेपेल तेवढे पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे, पाकिटावर नाव घालायचे नाही. कोणी पुरे दिले, कोणी पन्नास रुपये दिले, कोणी रिकामे पाकीट टाकले, हे ताईंनाही कळत नसे. तूट आली की ती आपल्या पापड-कुरडयांच्या विक्रीतून भरायची. म्हणजे भगिनींनो, एप्रिलच्या उन्हात गच्चीवर आपण जे वाळवण घातले, त्याने कितीतरी मुलांना गड दाखवला आहे.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर या मंडळात बोललेले नाही. ताईंनीही कोणाला सांगितली नाही. त्यांची परवानगी मी काल घेतली. त्या म्हणाल्या, "सांगायची असेल तर पुरी सांग."

ते चौथे शिबिर होते. तेव्हा मोबाइल नव्हते. अठ्ठेचाळीस मुले घेऊन आम्ही पहाटे गड चढलो. तानाजीची समाधी पाहिली, कल्याण दरवाजा पाहिला, देवटाक्याचे गार पाणी प्यालो. उतरताना ताई नेहमी सर्वांच्या शेवटी चालतात. त्यांचा नियमच आहे, की संचालिकेने शेवटच्या मुलामागे चालायचे. त्या दिवशी एका मुलाचा पाय मुरगळला, म्हणून त्याला धरून ताई आधी निघाल्या आणि शेवटची जागा मला दिली. पुणे दरवाज्यात मोजणी करायची होती. मी मोजली, सत्तेचाळीस भरली. मुले हलत होती, दंगा करीत होती. मला वाटले, माझीच मोजायला चूक झाली असेल. पुन्हा मोजायचा कंटाळा केला आणि पुढे निरोप धाडला, "सगळे आहेत."

पायथ्याशी ताईंनी मोजणी केली. सत्तेचाळीस.

दहा वर्षांची एक मुलगी वर राहिली होती. देवटाक्याजवळ तिच्या चपलेचा अंगठा तुटला, ती तो जोडत बसली, आणि आम्ही निघून आलो. ताईंनी मुलांना झाडाखाली बसवले. मी रडत त्यांच्या मागे जाऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू इथेच थांब. ही सत्तेचाळीस तुझ्याकडे." पाण्याची बाटली घेतली आणि चढत्या उन्हात त्या एकट्या पुन्हा गड चढल्या. मी त्या दोन तासांत सत्तेचाळीस मुले किती वेळा मोजली असतील, त्याचा हिशेब नाही.

मुलगी सुखरूप होती. गडावर मडक्यातले दही विकणाऱ्या एका बाईंनी तिला आपल्या छपरात बसवून ताक दिले होते आणि सांगितले होते, "रडू नगं, तुझी बाई येतीयाच बघ." त्या दहीवाल्या बाईंचे नावही आम्हाला नीट विचारायचे सुचले नाही. आजच्या सत्कारात त्यांचाही वाटा आहे.

शेवटच्या दिवशी पालक आले. त्या मुलीचे वडील फार संतापले होते, आणि ते रास्तच होते. मुलांसमोर, पालकांसमोर ते वाटेल ते बोलले. ताई उभ्या राहून ऐकत होत्या. सगळे ऐकून झाल्यावर एवढेच म्हणाल्या, "मोजणीची जबाबदारी माझी होती. चूक माझी आहे." मी मागे उपम्याची परात धरून उभी होते. पुढे होऊन "चूक माझी" म्हणायला मला दहा पावलेही चालायची नव्हती. मी चालले नाही.

ती मुलगी पुन्हा शिबिराला आली नाही. ताई दर एप्रिलमध्ये तिच्या घरी पत्र घालीत. उत्तर येत नसे. चौथ्या वर्षी तिचा धाकटा भाऊ आला. हातात पत्र होते, त्यात एकच ओळ होती, की याच्यावर लक्ष ठेवावे.

ताईंनी मला रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे मोजणीची वही माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "आज तूच मोज. आणि डोकी मोजू नकोस, नावे घे." तेव्हापासून आपल्या शिबिरात तसे होते. दोघीजणी वेगवेगळी मोजणी करतात, एकमेकींना आकडा न सांगता तिसरीला सांगतात, आणि मग एकेका मुलाचे नाव घेतले जाते. आकडा चुकला तर 'माझीच मोजायला चूक झाली असेल' असे समजायचे नाही. मूल हरवले आहे असे समजून शोधायला लागायचे. हा नियम माझ्या चुकीतून आला आहे, हे आज सर्वांसमोर सांगते. ताई, ते शब्द मी त्या दिवशी बोलायला हवे होते. फार उशिरा बोलते आहे. क्षमा करा.

महामारीच्या दोन वर्षांचे सांगायचे राहिले. मे २०२० मध्ये शाळा बंद, गाव बंद, आपापल्या दारांच्या आत आपण सगळे. ज्या आठ दिवसांत शिबिर भरायचे, त्या आठही दिवशी ताई सकाळी वही उघडून बसत आणि आदल्या वर्षीच्या यादीतल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन लावीत. जेवलास का, घरी सगळे बरे आहेत का, बाबांना काम आहे का. एवढेच. एका घरी पीठ संपले आहे, हे त्या फोनमुळेच आपल्या मंडळाला कळले आणि मग पेठेत शिध्याची पिशवी देण्याचे काम सुरू झाले. २०२१ मध्ये पुन्हा तसेच. मला एका बहिणीने तेव्हा विचारले, की शिबिरच नाही तर ताई यादी कशाला वाचतात? मला उत्तर ठाऊक होते. त्या मोजणी करीत होत्या.

२०२२ मध्ये शिबिर पुन्हा भरले तेव्हा जेमतेम एकोणीस मुले आली. बंद करावे असे कार्यकारिणीत बोलले गेले. ताई म्हणाल्या, "ब्राउनसीला वीसच होती." आणि शिबिर भरले. गेल्या मे महिन्यात बावन्न मुले होती.

आता त्या थांबतात. का थांबता, असे विचारले तर म्हणाल्या, "यंदा गड उतरताना गुडघ्यामुळे मला वेळ लागला. माझ्यासाठी पुढची मुले दोनदा उन्हात उभी राहिली. शेवटी चालणाऱ्या माणसाने मुलांना उन्हात ताटकळत ठेवू नये." थकले, असे त्या म्हणाल्या नाहीत. मुलांना उन्हात उभे राहावे लागले, हे त्यांचे कारण.

मंडळाने आज ताईंना जी थैली अर्पण केली, ती त्यांनी कालच चिटणीसबाईंकडे परत देऊन ठेवली आहे. तिच्यातून नव्या मच्छरदाण्या घ्यायच्या आहेत, जुन्यांना भोके पडली आहेत. शाल त्यांनी ठेवून घेतली. गडाच्या पायथ्याला पहाटे गारठा असतो, पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी पाहुणी म्हणून येईन तेव्हा उपयोगी पडेल, असे म्हणाल्या.

पण त्यांनी एक मागणे केले आहे आणि ते तुमच्यापुढे ठेवण्यासाठी मी उभी आहे. ताईंची जागा एका बाईने भरू नये, अशी त्यांची इच्छा आहे. एकीवर सारे पडले की ती आजारी पडली म्हणजे शिबिर आजारी पडते. शिबिरातून मोठ्या झालेल्या दोघी मुली वही घ्यायला तयार आहेत. त्यांना स्वयंपाकघरासाठी चौघी, रात्रीच्या फेरीसाठी चौघी आणि मोजणीसाठी तिघी हव्या आहेत. आठ दिवस जमत नसतील तर दोन दिवस द्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एप्रिलमध्ये दवाखान्याची चौकशी करावी. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांनी कुरडया घालाव्यात. दाराशी टेबलावर कागद ठेवला आहे. हार घातला, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो, असे आज होऊ देऊ नका. ताईंचा सत्कार त्या कागदावर व्हायचा आहे.

पहिले नाव मी लिहिले आहे, मोजणीखाली. मला ते काम येते. ते मी कसे शिकले, ते आता तुम्हाला सर्वांना ठाऊक आहे.

ताई, आपणांस दीर्घ आयुरारोग्य लाभो. पुढच्या मे महिन्यात पाहुणी म्हणून याल तेव्हा आम्ही तुमचेही नाव घेऊन मोजणी पुरी करू. एवढे बोलून मी आपली रजा घेते.